पावती कोणाच्या नावावर?



घरभाड्याच्या इतिहासावर बोलायला युनियनचा माणूस कशाला बोलावला, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडला असेल. त्याचे उत्तर साधे आहे. पिरंगुटच्या पट्ट्यात मी गेली तीस वर्षे कामगारांत वावरतो आहे. वेतनकराराची बोलणी आठ-आठ महिने चालतात, नोटिसा द्याव्या लागतात, गेटासमोर बसावे लागते, तेव्हा कुठे पगारात दोन-अडीच हजारांची वाढ पदरात पडते. पेढे वाटले जातात. आणि दोन महिन्यांनी खोलीचा मालक दारात उभा राहून सांगतो, "पुढल्या महिन्यापासून पाचशे रुपये जास्त." त्या पाचशेसाठी त्याला नोटीस द्यावी लागत नाही आणि बोलणीही करावी लागत नाहीत. कारखान्याच्या मालकाशी एकजुटीने कसे बोलावे हे आम्ही कामगाराला शिकवले. घराच्या मालकापुढे तो अजून एकटाच उभा असतो.

माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. त्यामुळे माझ्या बोलण्यात पंडिताची शिस्त सापडणार नाही, ती आपण शोधू नये.

भाड्याच्या घरांचा इतिहास सांगायचा म्हणजे लोक मुंबईच्या चाळींपासून सुरुवात करतात. मी आपल्या धरणापासून करणार आहे. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने चालवलेल्या धरणाच्या कामावर मावळे जाऊन बसले आणि काम थांबले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते. सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जायची होती, आणि वीज हवी होती ती मुंबईच्या गिरण्यांना. १९२४ पर्यंत लढा चालला, मोडला, आणि १९२७ साली भिऱ्याच्या वीजगृहातून वीज मुंबईकडे निघाली. हे सारे आपणांस ठाऊक आहे. मला त्यातली एकच गोष्ट पुढे आणायची आहे, कारण उत्सवी भाषणांत ती मागे पडते.

सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. त्या कायद्याप्रमाणे मोबदला मिळणार तो जमिनीच्या मालकाला. आता मुळशी पेट्यातल्या जमिनींचे मालक कोण होते? पुष्कळशा जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावे चढलेल्या होत्या. मावळा त्याच जमिनीत भात लावत होता, त्याच जमिनीच्या कडेला त्याचे घर होते, पण कागदावर तो कूळ होता, आणि कित्येक ठिकाणी तर तेवढीही नोंद नव्हती. लढ्याच्या मध्यावर सावकार-मालकांचे लक्ष मोबदल्याच्या दराकडे वळले. ज्याचे घर बुडणार त्याचे नाव कागदावर नव्हते, आणि ज्याचे नाव कागदावर होते त्याचे घर पुण्यात कोरडे होते. कायद्याने कागदाकडे पाहिले आणि रक्कम मोजली.

आमचे गाव पाण्याच्या वर राहिले, पण डोंगरउताराच्या दोन एकरांत पाच भावांचे पोट भरेना. माझे आजोबा तरुणपणी मुंबईला गेले आणि गोदीत हमाली करू लागले. मुळशी, मावळ, खेड, जुन्नर या भागांतून त्या काळी अशी हजारो माणसे गेली; मुंबईचे डबेवाले याच मुलखातले. आजोबा ज्या खोलीत राहत तिथे एक खोली आणि चौदा माणसे. रात्रपाळीचा माणूस कामावर निघाला की त्याच्या जागेवर दिवसपाळीवाल्याची वळकटी पडे. भाडेपावती शेजारच्या गावच्या एका गृहस्थाच्या नावावर होती. बाकीचे तेरा जण दरमहा आपला वाटा त्याच्या हातावर ठेवीत. आजोबांनी तो बावीस वर्षे ठेवला. मग ते गृहस्थ वारले, त्यांचा मुलगा आला आणि पंधरा दिवसांत खोली रिकामी करा म्हणाला. आजोबा चाळीतल्या एका जाणत्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, "अहो, कायदा आहे. भाडेकरूला असे काढता येत नाही. पावती दाखवा." पावती कुठली? आजोबा पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले. हा किस्सा ते हसत हसत सांगत. आजी हसत नसे.

आजोबांना ज्या कायद्याने वाचवले नाही, तो कायदा कसा जन्मला ते पाहू. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात शस्त्रांचे कारखाने रात्रंदिवस चालू होते, कामगारांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी चढवली. पुरुष कारखान्यांत आणि आघाडीवर होते, म्हणून बायका उठल्या. मेरी बार्बर नावाची बाई त्यांच्या पुढे होती. जप्ती करायला बेलीफ आला की घंटा वाजवायची, साऱ्या बायकांनी जिन्यात गर्दी करायची आणि त्याला परत पाठवायचे. १९१५ च्या नोव्हेंबरात भाडे थकवल्याबद्दल काही कामगारांना कोर्टात खेचले, तेव्हा कारखान्यांतले लोक काम टाकून कोर्टापुढे जमले. युद्धाच्या ऐन धामधुमीत सरकारला हे परवडणारे नव्हते. डिसेंबरात पार्लमेंटने कायदा केला आणि लहान घरांची भाडी १९१४ च्या ऑगस्टमधल्या पातळीवर बांधून टाकली. भाड्याचे नियंत्रण हे कोणा दयाळू मंत्र्याचे देणे नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

तीच कल्पना १९१८ साली मुंबईत आली. १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे होते ते प्रमाण धरावे असे ठरले. कायदा तात्पुरता होता. मुदतवाढी घेत घेत तो विसाच्या दशकाअखेर संपला.

त्याच दशकात मुंबई सरकारने दुसरा मार्गही धरला. भाडी बांधून भागत नाही, घरे बांधली पाहिजेत, हे त्याला पटले होते. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जितकी वस्ती पाडली तितकी उभी केली नव्हती, त्याचाही तो अनुभव असावा. गव्हर्नर लॉइडसाहेबांनी १९२० साली डेव्हलपमेंट खाते काढले. पन्नास हजार खोल्या बांधायचा संकल्प सोडला. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात बसवली. झाल्या किती? वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२; एकूण २०७ चाळी आणि सोळा हजारांवर खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. भिंती काँक्रीटच्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या, आणि भाडे गिरणगावातल्या जुन्या खोलीपेक्षा जड. गिरणीच्या भोंग्याला धावणारा माणूस वरळीला जाईना. कित्येक चाळी वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. १९३० च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रही कैदी ठेवले. घर म्हणून नको असलेली वास्तू तुरुंग म्हणून चालली! त्याच खात्याच्या दुसऱ्या हातात बॅकबेच्या भरावाचे काम होते, आणि त्यातल्या गैरकारभारावर नरिमन यांनी केवढी झोड उठवली ते जाणत्यांना ठाऊक आहे.

याच वर्षांत युरोपात व्हिएन्ना शहर काय करीत होते पाहा. १९१९ नंतर तिथे समाजवादी पक्षाची नगरपालिका आली. तिथेही युद्धकाळापासून भाडी बांधलेली होती. भाडी गोठल्यामुळे जमिनीत पैसा घालण्यात कोणाला रस उरला नाही, जमिनीचे भाव पडले, आणि नगरपालिकेने त्या जमिनी विकत घेतल्या. १९२३ साली घरांवर कर बसवला. साध्या घराला नाममात्र, बंगल्या-हवेल्यांना चढता. १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे झाली. त्यांत अंगणे, धुलाईघरे, वाचनालये होती. भाडे कामगाराच्या पगाराच्या शंभरातले चार-पाच रुपये पडे. सन १९३४ च्या फेब्रुवारीत सरकारी फौजांनी त्याच वसाहतींवर तोफा डागल्या, पण घरे राहिली आणि आजही लोक त्यांत भाड्याने राहतात.

मुंबईतही भाडेनियंत्रण आणि बांधकाम एकाच वेळी चालू होते. मग फरक कशाने पडला? माझ्या मते दोन गोष्टींनी. व्हिएन्नात कर ज्याच्याकडे मोठे घर त्याच्यावर बसला, आणि घर कसे असावे हे ठरवणारी नगरपालिका भाडेकरूंच्याच मतांवर निवडून आली होती. वरळीची खोली आखताना कामगाराला कोणी विचारले नाही. त्याला मतही नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गर्दी, पुन्हा भाडेवाढ, पुन्हा तात्पुरते हुकूम. स्वातंत्र्याच्या वर्षी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९४७ चा मुंबई भाडेकायदा केला आणि तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. १ सप्टेंबर १९४० चे भाडे ते प्रमाण भाडे. कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला काढता येणार नाही. पागडी घेणे गुन्हा. भाडे घेतले की पावती दिलीच पाहिजे. त्याच मंत्रिमंडळाने १९४८ साली कूळकायदा केला. त्याचे पुढे १ एप्रिल १९५७ या दिवसात रूपांतर झाले आणि जमीन कसणारे कूळ, काही अपवाद सोडता, तिचे मालक मानले गेले. दोन्ही कायद्यांची मुळे एका जागी होती. शेतातल्या कुळाला सरकार म्हणाले, हप्त्याने किंमत दे आणि मालक हो. शहरातल्या भाडेकरूला म्हणाले, आहेस तिथे राहा, आहे तेवढे भाडे दे. पहिला प्रश्न कधीतरी मिटला. दुसरा तसाच थिजून राहिला. आणि ज्या मावळ्याच्या शेतावर धरणाचे पाणी उभे होते, त्याला १ एप्रिल १९५७ चा काय उपयोग?

थिजलेल्या भाड्याने लाखो कुटुंबांना आधार दिला, हे मी प्रथम सांगतो. गिरणी बंद पडली तरी चाळीतली खोली राहिली, म्हणून मुलांची शाळा सुटली नाही. १९८२ च्या संपानंतर ज्यांनी ते दिवस काढले त्यांना विचारा. परंतु घरमालकाची बाजूही खोटी नव्हती. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यात महिना वीस रुपये भाडे येणार आणि त्यातून कौले शाकारायची, वाळवी लागलेली तुळई बदलायची, हे होणार कसे? मग मालक वाडा पडण्याची वाट पाहू लागला आणि भाडेकरू तो न पडण्याची. मुंबईत १९६९ साली दुरुस्ती मंडळ नेमून उपकर बसवावा लागला. अशा उपकरप्राप्त जुन्या इमारती एकोणीस हजारांवर होत्या. पागडी बंद झाली नाहीच, ती टेबलाखाली गेली. आणि नवी घरे भाड्याने द्यायला कोणी धजेना. भाडेकरूऐवजी "परवानाधारक" अशी नवी जात निघाली. १९७३ साली सरकारने १ फेब्रुवारीला राहत असलेल्या अशा परवानाधारकांना भाडेकरू ठरवले. तेवढे बचावले. पण पुढच्यांसाठी दार अधिकच घट्ट लागले, कारण मालक सावध झाले.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९४० चे भाडे आजही धरणे हे आता अवाजवी झाले आहे. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याने जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. चहा बशीत ओतताना सांडतो तेवढे. पागडी त्याने कायदेशीर केली. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेले घर मुदत संपताच मालकाला परत मिळेल अशी तजवीज केली, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट आकार घेण्याची मुभा दिली.

आता आपल्या तालुक्याकडे येतो. नव्वदीच्या अखेरीस हिंजवडीला औद्योगिक महामंडळाने संगणक-उद्योगाचे क्षेत्र उभारायला घेतले. पिरंगुट-उरवड्याच्या बाजूला कारखाने होतेच. ज्या मुळशीची माणसे मुंबईत पाळीने झोपत होती, त्या मुळशीत आता विदर्भ-मराठवाड्यातली, बिहार-ओरिसातली माणसे पाळीने झोपतात. आणि मालक आपण आहोत. या सभेत ज्यांच्या घराच्या मागे पत्र्याच्या चार खोल्या नाहीत असे किती जण निघतील?

हिंजवडीच्या मनोऱ्यातला इंजिनिअर निदान नोंदलेला करार करतो. अकरा महिने, मोठी अनामत, मग पुन्हा घर शोधा. हे अकरा महिने आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत असे, म्हणून लोकांनी ती चुकवायला एक महिना कापला. १९९९ च्या कायद्याने मुदत कितीही असली तरी लेखी करार आणि नोंदणी आवश्यक केली; तरी अकरा महिन्यांची सवय सुटलेली नाही. कारण गेले, रीत राहिली. आपल्या लग्नांत अशा पुष्कळ रीती असतात.

पत्र्याच्या खोलीतल्या कामगाराकडे तोही कागद नाही. वस्तुतः कायदा त्याच्या बाजूने आहे. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरायचे. आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कलमाखाली आत गेलेला घरमालक मला आजवर भेटलेला नाही. शिवाय हा कायदा परिशिष्टांत आणि अधिसूचनांत आलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. गावाचे शहर होताना इमारती आधी येतात आणि परिशिष्ट मागून. कंत्राटी कामगाराची गत आणखी निराळी. खोली कंत्राटदाराच्या नावावर, भाडे पगारातून कापलेले. काम सुटले की त्याच दिवशी खोली सुटते. आजोबांच्या त्या गृहस्थाच्या जागी कंत्राटदार बसला, एवढाच बदल.

२०२० च्या टाळेबंदीत हे सारे उघड्यावर आले. २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्याने हुकूम काढला की कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, कोणाला काढू नका, अशी सूचना दिली. बुलढाण्याकडच्या एका पोराचे सामान मालकाने खोलीत कोंडून कुलूप घातले होते. मी फोनवरून त्यांना तो कागद वाचून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, हा माझा भाडेकरू आहे हे कशावरून?" मी गप्प बसलो. तीस वर्षांत मालकापुढे असा गप्प मी क्वचित बसलो असेन. त्यांच्याही डोक्यावर त्या खोल्यांच्या कर्जाचा हप्ता होता, हे मला नंतर कळले.

पुढे २ जून २०२१ रोजी केंद्राच्या मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, करार लेखी हवा, तंट्यासाठी वेगळे प्राधिकरण हवे, भाडेवाढीआधी तीन महिने सूचना हवी, असे आहे. चांगले आहे. पण तो नमुना आहे. राज्याने आपला केला तरच तो कायदा होतो. आणि भाडे किती व मुदत किती, हे त्यात दोघांच्या करारावर सोडले आहे. ज्याला उद्या सकाळी कामावर हजर व्हायचे आहे आणि ज्याच्यामागे दहा जण त्याच खोलीसाठी उभे आहेत, त्याचा करार कसला?

माझ्यापुरते मला असे दिसते की १९४७ सारखी भाडी पुन्हा गोठवण्याची मागणी करू नये. तिची फळे आपण पाहिली. भाडेवाढीला महागाईच्या निर्देशांकाची दोरी बांधावी, जशी आम्ही महागाईभत्त्याला बांधतो. मुदत किमान तीन वर्षे असावी. खोली कंत्राटदाराने घेतली तरी करारात राहणाऱ्याचे नाव असावे. आणि जिथे सरकार कारखान्यांसाठी शेकडो एकर संपादन करते, तिथे त्यातला तुकडा कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठी राखावा, त्याचा पैसा त्या कारखान्यांकडून घ्यावा, आणि ती घरे विकू नयेत. कापसाच्या गाठीवर जकात बसू शकते तर संगणकाच्या मनोऱ्यावर का बसू नये? यावर आमच्या युनियनमध्येही वाद आहेत. काही जण म्हणतात, कामगाराला मालकीचेच घर द्या. देता आले तर द्याच. पण आज रात्री तो झोपणार आहे ती खोली भाड्याची आहे.

आता एक कबुली देतो. माझ्या घरामागे दोन खोल्या आहेत आणि त्या भाड्याने दिल्या आहेत. पहिली चार वर्षे मी कसलाही करार केला नव्हता. "आपल्याच माणसांत कागद कशाला?" असे मी म्हणत असे, आणि आजोबांची खोलीवाली मंडळीही बहुधा हेच म्हणत असतील. या व्याख्यानाचे आमंत्रण आले तेव्हा लाज वाटली आणि नोंदणीचा मसुदा करून घेतला. एका खोलीत प्रेसवर काम करणारा मुलगा बायको आणि लहान मुलीसह राहतो. मसुदा वाचून तो म्हणाला, "दादा, मुलगी पुढल्या वर्षी पहिलीत जाईल. अकरा महिन्यांऐवजी छत्तीस लिहाल का?" मी आठ दिवस विचार केला. खरे सांगतो, आठ दिवस लागले. मग छत्तीस लिहिले, आणि भाड्याच्या रकान्यात दर वर्षीची वाढ किती ते त्याच्यासमोर बसून ठरवले.